आधी पाव्हण्यांना बघा

गेल्या महिन्यात न्हाणीत माझा पाय मुरगळला, घोटा हा एवढा सुजला. माझा पोरगा माऊली मला पुंडलिकनगरातल्या एका नव्या दवाखान्यात घेऊन गेला. दारातच एका पोरीनं माझ्या बोटाला चिमटा लावला, दोन गोष्टी विचारल्या आन् हाताला हिरवी पट्टी बांधली. हिरवी म्हंजे थांबा. पिवळी म्हंजे थोडं थांबा. लाल म्हंजे उचला आन् पळा. आमच्या मागून आलेल्या एका माणसाला लाल बांधून सरळ आत नेलं, तर माऊली लागला तणतणायला. "आम्ही आधी आलोय! ही काय पद्धत झाली?"

मी म्हणलं, "गप बस की रं मुडद्या! हिरवी मिळाली म्हणून देवाला हात जोड."

त्याला नवल वाटलं. त्याची आई भांडण सोडून देती, हे त्यानं जन्मात पाह्यलं नव्हतं. माझं नाव कडूबाई, आन् जीभ बी नावाला जागणारी, हे सगळ्या भावकीला ठाव हाय. पण दवाखान्याच्या दारात मी नंबरासाठी भांडत नाय. का नाय, ते बाकावर बसल्या बसल्या सगळं डोळ्यांपुढं आलं. बद्रीभाऊ आला, सांडू पाटील आले, आन् पडेगावचं आमचं रान आलं.

आता पडेगावात गेलं तर वळखू येत नाय. दौलताबाद रोडला जिथं आमची पेरूची बाग होती तिथं इमारती झाल्या. खाली मोबाइलचं दुकान, वर गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या. आमची विहीर कुठल्या जिन्याखाली गाडली गेली, ते मला बी सांगता यायचं नाय. मागं एकदा रिक्षातून जाताना मी म्हणलं, इथं आमचं रान होतं, तर रिक्षावाला म्हणला, "सबका था मावशी, सबका था." आला मोठा शहाणा! पण खोटं तरी काय बोलला तो.

दोन हजार चारचा उन्हाळा. लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं होतं. विहिरीत दगड टाकला तर टणकन वाजायचा. पेरूची झाडं उभी वाळली होती आन् अर्ध्या रानाचे प्लॉट पडले होते, चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून. त्या रेघांवरच आम्ही दीपमालाचा मांडव घातला. दीपमाला म्हंजे बद्रीभाऊची थोरली लेक. शहर आमच्या बांधापर्यंत आलं होतं, पाणी मातर आलं नव्हतं. लग्नाला सुद्धा टँकर.

बद्रीभाऊ माझा थोरला भाऊ. आई-बाप आमचे लवकर गेले, मला त्यानंच वाढवलं. बाहत्तरच्या दुष्काळात तो खडी फोडायला जायचा, स्वतः पोरगंच होता. कामावर सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायचा. "तू खाल्लीस का रं भाऊ?" असं विचारलं की पोटावर हात फिरवून मोठा ढेकर द्यायचा. खोटा ढेकर! पोटात काय नसताना ढेकर देणारा माणूस, छातीत कळ असताना 'गॅस झालाय' म्हणणार, यात नवल काय? त्याच्या त्या ढेकराची मला अजून बी आठवण येती आन् राग बी येतो.

आन् मानपानाचं त्याला लई. आमच्यात पोरीचा बाप व्याह्यापुढं वाकलेलाच असतो, पण हा जरा जास्तीच वाकायचा. व्याही बसल्याबिगर बसायचं नाय, व्याह्यानं घास घेतल्याबिगर जेवायचं नाय. मी म्हणायची, "भाऊ, पोरगी देतोय आपण, चोरी नाय केली." तो हसायचा. "कडू, तुला नाय कळायचं. आपण आज एक चुकलो तर पोरीला तिथं जन्मभर ऐकावं लागतं."

व्याही होते सांडू पाटील, खुलताबादकडचे. उंच, मिशाळ, डोक्याला केशरी फेटा आन् नाकावर राग. सकाळी वऱ्हाड आलं आन् आंघोळीला पाणी मागायला लागलं. टँकर एक, माणसं पाचशे. मी टँकरच्या तोटीजवळ उभी होते. पाटलांचा पुतण्या बादल्या घेऊन आला तर मी म्हणलं, "तोंड धुवा, बगला पुसा आन् अत्तर लावा. पाणी प्यायला ठिवलंय." झालं! पाटील रुसले. मला म्हणले, "आत्याबाई, आमच्या गावात जनावरं सुद्धा धुतेत पाव्हण्यांची." मी म्हणलं, "मग तिथंच धुऊन यायचं की." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बद्रीभाऊ धावत आला, पाटलांपुढं हात जोडले, त्यांना मांडवात नेऊन बसवलं. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, ते असं.

तेव्हाच मी बघितलं, भाऊ छाती चोळत होता. म्हणला, गॅस झालाय. ओवा खाल्ला, सोडा प्याला. लग्नघर, कोण कुणाला बघतंय! मी बी सोडून दिलं.

अक्षता पडल्या. पंगत उठली. पाटलांचा राग काय उतरला नव्हता, हातावर पाणी घालायला भाऊ तांब्या घेऊन उभा असताना ते मुद्दाम टँकरकडं गेले. तोटी गळत होती, खाली चिखल झाला होता. नवी कोल्हापुरी, ओला चिखल. धाडकन पडले! मनगट भलतीकडं वळलं, कपाळ टँकरच्या लोखंडाला लागून फुटलं. पांढऱ्या सदऱ्यावर रगत सांडलं तशी वऱ्हाडात बोंबाबोंब झाली. कुणी हळद आणली, कुणी चहाची पावडर. भावानं जीप काढायला लावली.

जीपमध्ये पाटील, त्यांचा पुतण्या, बद्रीभाऊ आन् मी. भावाला आम्ही म्हणलं, तू मांडवात थांब, पोरगी अजून वाटंला लागायचीय. पण ऐकतोय कुठला! व्याही रक्तात न्हालेला आन् पोरीचा बाप घरी? मिलिटरीच्या छावणीतून जीप चालली होती. पाटील मोठमोठ्यानं कण्हत होते, आन् भाऊ गप होता. पाटलांचा फेटा मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटलं, लाजलाय बिचारा.

घाटीची, म्हंजे मोठ्या सरकारी दवाखान्याची, कॅज्युल्टी तेव्हा वेगळी होती. आता लई बदललं म्हणतेत, मशिनी आल्या, काचा आल्या. तेव्हा दारात एक टेबल, टेबलामागं एक सिस्टर आन् भिंतीला लागून लांब बाक. पट्ट्या-बिट्ट्या काय नव्हत्या. पण काम हेच होतं, येणाऱ्या माणसाकडं बघायचं आन् कुणाला आत, कुणाला बाकावर ते ठरवायचं. त्या दिवशी टेबलाशी दमयंती सिस्टर होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज मातर हवालदाराचा. बाकावर एक पोरगा पाय धरून गुरासारखा ओरडत होता, त्याला म्हणल्या, "ओरड बाबा ओरड, ओरडतोस म्हणजे दम आहे." आन् कोपऱ्यात एक बाई नुसती मान टाकून बसली होती, तिला आधी आत पाठवलं. मला राग आला. वाटलं, काय कसाई बाई हाय ही!

पाटलांचा पुतण्या टेबलावर हात आपटून म्हणला, "आधी आमचं बघा! नवरदेवाचे वडील हायेत!"

सिस्टरनी पाटलांच्या कपाळावर कापसाची जाड घडी दाबली, बोटं हलवायला लावली, हाताखाली पुठ्ठा देऊन बांधलं. म्हणल्या, "हाड मोडलंय, दुखणार. पण हे थांबू शकतात. ही घडी दाबून धरा आन् बाकावर बसा. टाके पडतील, प्लास्टर होईल. नंबर येईल तेव्हा."

"थांबू शकतात म्हंजे?" पुतण्या कडाडला.

पण सिस्टर त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या बद्रीभाऊकडं. भाऊ मागं उभा, फेटा छातीशी धरलेला, कपाळावरून घाम निथळत होता.

"तुम्ही. इकडं या. घाम कधीपासून येतोय?"

"ऊन हाय ना बाई," भाऊ म्हणला.

सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. "उन्हाचा घाम असा गार नसतो. छातीत दुखतंय? हातात कळ येतीय?"

"थोडा गॅस..."

"यांना आत घ्या!" सिस्टर ओरडल्या. दवाखान्यातला एक मामा, वॉर्डबॉय, चाकाचा पलंग घेऊन पळत आला.

आन् भावानं हात सोडवून घेतला. खरं सांगते, माझ्या डोळ्यांदेखत सोडवून घेतला. म्हणला, "बाई, माझं काय नाय. आधी पाव्हण्यांना बघा."

"इथं पाव्हणे नसतात. इथं मान नाही बघत, नाडी बघतात. झोपा."

"व्याही बाकावर आन् मी पलंगावर? नाय बाई. ते होणार नाय. त्यांचं झालं की मी येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याच्या सदऱ्याला धरलं, वढलं, शिव्या दिल्या. "मेल्या, मानपानाला जाळ लागला! झोप म्हणती तर झोप की!" तो भिंतीला टेकला होता, वठ पांढरे पडले होते, तरी मान हलवून नाय म्हणत होता. हळूच मला म्हणला, "कडू, सकाळी आधीच रुसलेत. आता हे झालं तर माझ्या पोरीला कोण सुखानं जगू देईल?"

दमयंती सिस्टरनी मला बाजूला घेतलं. त्यांचा हवालदाराचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, हे हार्टचं आहे असं मला वाटतंय. मी त्यांना बांधून नेऊ शकत नाही. झटापट केली तरी जिवावर बेतेल. तुमच्यात ते कुणाचं ऐकतात?"

माझं तो ऐकत नव्हता. वहिनी मांडवात होती, पण तिचं बी ऐकलं नसतं. त्या दिवशी, त्या घडीला, तो फक्त एकाच माणसाचं ऐकणार होता, आन् तो माणूस बाकावर कपाळ दाबून बसला होता.

मी कुणाच्या पाया पडत नाय. लग्नात सासूच्या पडले ते शेवटचं. पण गेले आन् सांडू पाटलांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठिवलं. "पाटील, सकाळचं माझं तोंड विसरा. माझा भाऊ मरायला लागलाय आन् तुमच्या मानासाठी पलंगावर झोपंना. तुमच्या शब्दाबिगर तो झोपायचा नाय."

पाटलांनी एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, दुसरा रक्तानं चिकटला होता. मग भावाकडं बघितलं. तेव्हा त्यांना पहिल्यांदा तो दिसला असंल. सकाळपासून त्यांच्या पुढं-मागं हात जोडून पळणारा माणूस, पण त्याच्या तोंडाकडं कुणी बघितलं होतं? ते उठले. मोडका हात पोटाशी धरून भावापुढं जाऊन उभे राह्यले.

"बद्रीनाथराव, झोपा."

"तुमचं झाल्यावर, पाव्हणं. तुम्ही उभे आन् मी कसा..."

"मी म्हणतो ना झोपा!"

भाऊ हसायला बघत होता. "बरं दिसत नाय हो ते."

मग पाटील असे गरजले की सगळी कॅज्युल्टी गप झाली. तो ओरडणारा पोरगा सुद्धा. "बद्रीनाथराव, आत्ताच्या आत्ता त्या पलंगावर पडला नाहीत, तर तुमची पोरगी माझ्या घराचा उंबरा चढणार नाय! मांडवातूनच माघारी! सांडू पाटलाचा शब्द हाय!"

भावाचं तोंड कसं झालं ते मी सांगू शकत नाय. पोरीच्या बापाला याहून मोठी शिवी नाय. त्यानं दोन्ही हात जोडले, जोडलेल्या हातांनीच पलंगावर बसला आन् आडवा झाला. मामानं पलंग पळवला. दार झाकलं.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! लगेच आतून आवाज आला, "बाजू! बाजू हटो!" एक मशीन ढकलत नेलं. दाराच्या काचेतून मला दिसलं, एक तरणा डॉक्टर माझ्या भावाच्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देत होता, आन् भावाचा हात पलंगाखाली लोंबत होता. मग कुणीतरी पडदा वढला. मी देवाला काय काय बोलले ते इथं सांगण्याजोगं नाय. सुकडी आठवली, फडकं आठवलं, तो मेला ढेकर आठवला. याच्याबिगर मला या जगात माहेर नव्हतं.

मागं वळून बघितलं तर सांडू पाटील खाली फरशीवर बसलेले. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. "आत्याबाई, शेवटचा शब्द माझा ऐकून गेला हो तो. पोरगी माघारी पाठवीन म्हणलो. हेच ऐकून गेला." पुन्हा पुन्हा तेच. पुतण्या त्यांना उठवायला गेला तर त्याला म्हणले, "जा, जीप घे. सूनबाईला घेऊन ये. आधी सूनबाईला आण."

दमयंती सिस्टर बाहेर आल्या, म्हणल्या, "काका, तुमचा नंबर आलाय, टाक्याला चला." पाटील म्हणले, "आधी त्याचं कळू द्या." सिस्टर चिडल्या. "तुम्ही दोघं व्याही शोभता! अहो, इथं हे तुम्ही ठरवत नसता, आम्ही ठरवतो. तुम्ही रक्त सांडत बसल्यानं त्यांना काय फायदा?" तरी ते हलंनात. शेवटी सिस्टरनी तिथंच फरशीवर बसून त्यांच्या कपाळाची पट्टी बदलली. त्या बाईला मी कसाई म्हणले होते मनात. माझ्या जिभेला हाड नाय, मनाला बी नाय.

पाटलांच्या शेजारी मी बी खाली बसले. सकाळी ज्याच्याशी पाण्यावरून भांडले, त्याच्या खांद्याला खांदा लावून. दोघांची बी तोंडं कोरडी पडली होती, पण उठून पाणी प्यायला कुणाचा जीव धजत नव्हता. दार उघडलं की दोघं बी एकदमच वर बघायचो.

आता उगाच जीव टांगणीला लावत नाय, सांगूनच टाकते. भाऊ त्या दिवशी गेला नाय. विजेचा झटका देऊन त्याचं काळीज पुन्हा चालू केलं त्या लोकांनी. पुढं तो जगला, नातवंडं खेळवली, प्लॉटवर घरं उठताना बघितली. डॉक्टर नंतर म्हणले, काळीज थांबलं तेव्हा पलंगावर होता म्हणून वाचला, बाकापाशी उभा असता तर जड होतं. दोघं व्याही आता नाहीत. ते दोघं एका खाटंवर बसून पान कुटायचे, एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत पान तसंच ठिवायचे. लई आठवण येती मला त्या खाटंची. पण त्या दिवशीचं एक सांगायचं राह्यलंय.

सिस्टर पुन्हा बाहेर आल्या. कपाळावरचा घाम पुसत म्हणल्या, "शुद्धीवर आलेत. फार बोलायचं नाही. एकच माणूस आत सोडणार, आन् पटकन बाहेर यायचं. रक्ताच्या नात्यातलं कोण आहे?"

दीपमालाला आणायला गेलेली जीप अजून आली नव्हती. मी उठलेच होते. दाराला हात बी लावला होता. पाटील खालीच बसले होते, त्यांनी मान वर केली नाय. त्यांनी मागितलं नाय काय. त्यांना ठाव होतं, त्यांचा हक्क नव्हता.

मी जन्मभर मानपानाला नावं ठिवली. त्याच मानपानापायी माझा भाऊ मरता मरता वाचला होता. आन् त्या दारात उभी राहून मीच म्हणले, "पाटील, उठा. आधी तुम्ही जा."

"मी? मी कुठं रक्ताचा?"

"नसाल. पण त्याच्या कानात तुमचा शब्द अडकलाय. माझं बोलणं थांबू शकतंय."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं आन् दार धरून उभ्या राह्यल्या. पाटील गेले. मी काचेला नाक लावलं. भावाच्या नाकात नळी, छातीला तारा, तोंड राखेच्या रंगाचं. पाटील पलंगाजवळ गेले, तर त्यांना बघून आमचा मेला शहाणा भाऊ उठून बसायला लागला! तारा ताणल्या, मशीन कोकलायला लागलं, सिस्टर आत धावल्या.

त्यांच्या आधी पाटलांनीच त्याच्या खांद्यावर चांगला हात ठिवून त्याला खाली दाबलं. तो दिवसभर बद्रीनाथराव होता, सकाळपासून अहो-जाहो होतं. दार उघडंच राह्यलं होतं म्हणून मला ऐकू आलं.

"पडून राहा रं बद्री," पाटील म्हणले. "पोरगी माझी हाय. तू पडून राहा."

भाऊ पडून राह्यला. मग मी तिथंच बाकावर बसले आन् माझा नंबर यायची वाट बघत राह्यले.